पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह कसा शोधायचा आणि त्याचा माग कसा ठेवायचा: नवशिक्यांसाठी पायरी-पायरीने

निम्न कक्षेतला उपग्रह डोळ्यांनी पाहायचा असो की त्याचा रेडिओ सिग्नल पकडायचा असो, सुरुवात करणारे बरेच जण आधी अँटेनाच्या मागे लागतात. मग काही पास (उपग्रह तुमच्या आकाशातून जातो तो प्रत्येक फेरा) कोरडे जातात आणि खापर अँटेनावर फुटतं. खरी गडबड बहुतेक वेळा तीन जागी असते: घड्याळ पुढेमागे असतं, जागेचे अक्षांश-रेखांश चुकीचे भरलेले असतात, किंवा कक्षेची माहिती शिळी झालेली असते. या तिन्ही गोष्टी नीट असतील तर अगदी साध्या सामानावरही काम होतं, म्हणून या लेखात अँटेना शेवटाकडे येईल.

आधी डोक्यात एक अंदाज पक्का करून घ्या. २००० किमीपेक्षा खालच्या कक्षेला निम्न कक्षा म्हणतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० ते ४२० किमी उंचीवरून, सेकंदाला सुमारे ७.६६ किमी वेगाने फिरतं आणि ९३ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालतं. तुमच्या अगदी माथ्यावरून गेलं तरी एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत ते जेमतेम दहा मिनिटं असतं. त्यातली पहिली आणि शेवटची दोन-दोन मिनिटं ते इतकं खाली असतं की झाडं-इमारतीच आड येतात. दहा अंशांच्या वरचा भाग धरला तर हातात सहा-साडेसहा मिनिटं उरतात. त्यामुळे सगळी तयारी पास सुरू होण्याआधी झालेली हवी.

काय काय लागेल

- इंटरनेटवरून वेळ जुळवलेलं घड्याळ असलेला संगणक किंवा फोन
- तुमच्या जागेचे अक्षांश, रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची
- पासचा अंदाज देणारं सॉफ्टवेअर: संगणकावर जीप्रेडिक्ट, आकाशाच्या नकाशासाठी स्टेलेरियम, आणि काहीच बसवायचं नसेल तर हेवन्स-अबव्ह ही साइट
- रेडिओसाठी आरटीएल-एसडीआर जातीचा यूएसबी रिसीव्हर आणि साधा डायपोल, म्हणजे दोन भुजांचा अँटेना
- वही आणि पेन. नोंदी फोनवर ठेवल्या तरी चालतील, पण अंधारात स्क्रीनच्या उजेडाने डोळे दिपतात.

फक्त ऐकायचं आणि पाहायचं असेल तर एवढं पुरे. उपग्रहामार्फत बोलायचं, म्हणजे स्वतः प्रक्षेपण करायचं असेल, तर हौशी रेडिओचा परवाना लागतो. तो हातात येईपर्यंत प्रक्षेपणाच्या बटणाला हात लावू नका.

१. तो उपग्रह तुमच्या आकाशात येतो का, हे बघा

प्रत्येक कक्षेचा विषुववृत्ताशी एक कोन असतो, त्याला कल म्हणतात. स्थानकाच्या कक्षेचा कल ५१.६ अंश आहे, म्हणजे ते ५१.६ अंश उत्तर आणि तेवढेच दक्षिण अक्षांश यांच्या पट्ट्याबाहेर कुणाच्याही माथ्यावर येत नाही. त्या उंचीवरून सुमारे वीस अंश पलीकडचा प्रदेश त्याच्या नजरेत येतो, म्हणून पट्ट्याबाहेरच्या माणसालाही ते क्षितिजाजवळ दिसू शकतं. उलट ५ अंश कल असलेला उपग्रह उच्च अक्षांशावरून कितीही वाट पाहिली तरी दिसणार नाही.

हवामान आणि भूनिरीक्षणाचे बरेचसे उपग्रह सुमारे ९८ अंश कलाच्या सूर्यसमकालिक कक्षेत असतात. ते जवळजवळ ध्रुवांवरून जात असल्यामुळे पृथ्वीवर कुठूनही सापडतात, आणि तुमच्या भागावर रोज साधारण ठरावीक स्थानिक वेळी येतात. सुरुवातीला सरावासाठी मला हे फार सोयीचे वाटतात. स्थानकाचं तसं नाही. त्याची कक्षा सूर्याच्या हिशेबाने रोज मागे सरकत जाते आणि पासची वेळ दररोज सुमारे चोवीस मिनिटं अलीकडे येते. आठवडाभर संध्याकाळी दिसलेलं स्थानक मग काही दिवस गायब होतं ते याचमुळे.

२. घड्याळ आणि जागा

एका सेकंदात उपग्रह साडेसात किलोमीटरहून जास्त पुढे जातो. माथ्यावर असताना आकाशात हे अंतर साधारण एक अंश भरतं, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंदी. दुर्बिणीतून पाहणाऱ्याचा पास एवढ्या चुकीने हातचा जातो. म्हणून प्रत्येक वेळी सुरुवात करण्याआधी संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या. बराच वेळ झाकून ठेवलेल्या लॅपटॉपचं घड्याळ विशेष तपासा.

दुसरा सापळा यूटीसीचा, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाण वेळेचा. कक्षेची सगळी माहिती, नोंदी आणि अहवाल यूटीसीमध्ये असतात. सॉफ्टवेअरमध्ये पासचा तक्ता स्थानिक वेळेत दिसतोय की यूटीसीत, हे सेटिंगमध्ये जाऊन स्वतः बघा, अंदाजाने ठरवू नका. वहीत मात्र फक्त यूटीसी लिहायची सवय लावा. दोन वेळा शेजारी-शेजारी लिहिल्या की महिन्याभराने कुठली कोणती ते आठवत नाही.

जागा भरताना अंश-कला आणि दशांश यांची गल्लत होते. १८ अंश ३० कला म्हणजे १८.५० अंश, तिथे १८.३० टाकलं तर तुम्ही बावीस किलोमीटर सरकलात. रेखांशाची खूणही बघा. बहुतेक सॉफ्टवेअर पूर्वेला धन धरतात, पण पश्चिमेला धन धरणारेही आहेत. ही चूक झाली की पासच्या वेळा काही तासांनी चुकतात आणि दोष कुठे आहे ते लवकर लक्षात येत नाही. पडताळणी सोपी आहे: सॉफ्टवेअरच्या जगाच्या नकाशावर तुमचा ठिपका तुम्ही राहता तिथेच पडलाय ना, एवढं पाहा.

३. टीएलई वाचायला शिका

पासचा सगळा अंदाज दोन ओळींवर उभा असतो. प्रत्येक ओळ ६९ अक्षरांची, आणि या जोडीला टीएलई म्हणतात. सॉफ्टवेअर ती आपोआप वाचतं, म्हणून नवखे लोक तिच्याकडे पाहतही नाहीत. मी मात्र सुरुवातीलाच ती वाचायला लावेन, कारण पुढे काही चुकलं तर उत्तर याच ओळींत सापडतं.

पहिल्या ओळीत आधी वस्तूचा क्रमांक येतो. स्थानकाचा २५५४४ आहे. त्यापुढे आंतरराष्ट्रीय ओळख, ९८०६७ए: १९९८ सालचं ६७वं प्रक्षेपण आणि त्यातली पहिली वस्तू. मग येतो माहितीचा क्षण. समजा तिथे २५१००.५० लिहिलंय. पहिले दोन अंक वर्षाचे, म्हणजे २०२५. पुढचा आकडा वर्षातला दिवस, म्हणजे शंभरावा, १० एप्रिल. दशांशाचा अर्धा दिवस म्हणजे दुपारचे बारा, अर्थात यूटीसी. वर्षाच्या दोन अंकांत ५७ ते ९९ हे विसाव्या शतकातले आणि ०० ते ५६ हे एकविसाव्या शतकातले धरतात, कारण पहिला कृत्रिम उपग्रह १९५७ साली गेला. त्याच ओळीत पुढे बी-स्टार नावाचा आकडा असतो. वरच्या विरळ हवेचा उपग्रहावर किती ओढा पडतोय ते तो सांगतो.

दुसऱ्या ओळीत क्रमाने कल, आरोही पाताची (कक्षा विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे जाते त्या बिंदूची) दिशा, कक्षेची विकेंद्रितता (ती वर्तुळापेक्षा किती लांबट आहे ते), उपभूची (पृथ्वीला सर्वांत जवळच्या बिंदूची) दिशा, त्या क्षणी उपग्रह उपभूपासून किती पुढे आला तो कोन, आणि दिवसातल्या फेऱ्या. विकेंद्रिततेच्या आकड्यात दशांशचिन्ह छापलेलं नसतं, ते आधी आहे असं समजायचं. ०००६७०३ म्हणजे ०.०००६७०३. स्वतः प्रोग्राम लिहिणारे इथे हमखास अडखळतात.

फेऱ्यांच्या आकड्यावरून उंचीही काढता येते, आणि एकदा हाताने काढून पाहाच. दिवसाला १५.५ फेऱ्या असतील तर ८६४०० भागिले १५.५, म्हणजे एका फेरीला सुमारे ५५७४ सेकंद. केप्लरच्या तिसऱ्या नियमात पृथ्वीचा गुरुत्वस्थिरांक ३९८६००.४४ घातला की कक्षेची त्रिज्या सुमारे ६७९५ किमी येते. त्यातून पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८ वजा केली की उरतात ४१७ किमी. हा आकडा तुमच्या हातून निघाला की पुढे कुठलाही उपग्रह समोर आला तरी त्याच्या फेऱ्यांवरूनच उंचीचा अंदाज येतो.

प्रोग्राम लिहिणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. टीएलईमधले आकडे सरासरी काढून बसवलेले असतात. ते एसजीपी४ या गणितासाठीच आहेत. त्याचं वर्णन १९८० च्या स्पेसट्रॅक अहवालात आहे आणि पायथनमध्ये ते तयार मिळतं. हे आकडे थेट केप्लरच्या समीकरणात घातले तर उत्तर चुकतं. दुसरं, एसजीपी४ उत्तर देतं ते त्या तारखेच्या विषुवाशी बांधलेल्या चौकटीत. ते २००० सालच्या चौकटीतलं समजून वापरलंत तर स्थान चाळीसेक किलोमीटरपर्यंत सरकू शकतं. स्कायफील्ड ही पायथन लायब्ररी हे रूपांतर स्वतः करते, म्हणून सुरुवात तिच्यापासून करा.

पाच अंकी वस्तुक्रमांक ९९९९९ ला संपतात, त्यामुळे हीच माहिती आता ओएमएम या नव्या मांडणीतही मिळते. नवं सॉफ्टवेअर निवडताना त्याला ती वाचता येते का, हे पाहून घ्या.

४. माहिती ताजी ठेवा

टीएलई मिळण्याची दोन मुख्य ठिकाणं: टी. एस. केल्सो १९८५ पासून चालवत असलेलं सेलेस्ट्रॅक आणि अमेरिकेच्या स्पेस फोर्सचं स्पेस-ट्रॅक. दुसऱ्या ठिकाणी मोफत खातं उघडावं लागतं. माहिती दर मिनिटाला बदलत नाही, तेव्हा तुमचा प्रोग्राम ती सारखी उतरवत राहील असं करू नका. असं करणाऱ्यांना सर्व्हर अडवतो, आणि ते रास्तच आहे.

माहिती किती जुनी चालेल? ताज्या टीएलईतही साधारण किलोमीटरभराची चूक असते, आणि पुढे ती दिवसाला एक ते तीन किलोमीटरने वाढते. चूक मुख्यतः प्रवासाच्या दिशेने असते, म्हणजे उपग्रह मार्ग सोडत नाही, फक्त काही सेकंद लवकर किंवा उशिरा येतो. डोळ्यांनी पाहण्यासाठी आठवडाभर जुनी माहितीही एरवी चालून जाते. दोन प्रसंगी मात्र ती तासांत निकामी होते.

पहिला, उपग्रहाने इंजिन चालवलं तर. स्थानकाची कक्षा वेळोवेळी वर उचलली जाते आणि त्यानंतर जुनी टीएलई टाकाऊ असते. दुसरा, भूचुंबकीय वादळ आलं तर. सूर्याच्या उद्रेकाने वरचं वातावरण तापून फुगतं, ओढा वाढतो आणि उपग्रह खाली सरकू लागतो. खालच्या कक्षेत फेरीचा वेळ कमी असतो, म्हणून तो अंदाजापेक्षा लवकर उगवतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडल्यावर लगेच असं वादळ आलं. ते सुरुवातीच्या खालच्या कक्षेत असल्याने त्यातले ३८ वातावरणात परतून नष्ट झाले. वादळाच्या दिवसांत प्रत्येक पासआधी टीएलई नव्याने उतरवा आणि दिलेल्या वेळेच्या दोन-तीन मिनिटं आधीच तयार राहा.

५. पासच्या तक्त्यातून योग्य पास निवडा

तक्त्यात उगवण्याची वेळ, सर्वोच्च बिंदू आणि मावळण्याची वेळ असते. प्रत्येकासमोर दिगंश, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेली दिशा, आणि उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची. पहिल्या महिन्यात ३० अंशांपेक्षा कमी उंचीच्या पासच्या नादी लागू नका. क्षितिजावर स्थानक सुमारे २३४० किमी दूर असतं आणि माथ्यावर ४१७ किमी. अंतराच्या या फरकानेच सिग्नल तीसपट क्षीण होतो.

लांब केलेल्या हाताची मूठ आकाशात साधारण दहा अंश भरते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत गेलात की उन्नतांश मिळतो. दिगंशासाठी होकायंत्र वापरणार असाल तर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला तुमच्या भागातला फरक आधी शोधून ठेवा. फोनचं होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ सरळ चुकतं. ध्रुवताऱ्यावरून उत्तर ठरवता आली तर सर्वांत उत्तम.

६. रेडिओआधी डोळ्यांनी पाहा

हा टप्पा गाळू नका. इथे तुमचं घड्याळ, जागा आणि टीएलई यांची एकदम परीक्षा होते, आणि तीही बिनखर्चात.

तुम्ही अंधारात आणि उपग्रह उन्हात अशी स्थिती हवी, म्हणजे सूर्यास्तानंतरचा किंवा सूर्योदयाआधीचा थोडा काळ. स्थानक उणे चार प्रतीपर्यंत तेजस्वी होतं (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका कमी तितकं तेज जास्त). विमानासारखे लुकलुकणारे दिवे नसतात, एकसारखा प्रकाश पश्चिमेच्या बाजूने उगवून पूर्वेकडे सरकत जातो. संध्याकाळच्या पासमध्ये पुष्कळदा ते आकाशाच्या मध्यावरच पृथ्वीच्या सावलीत शिरतं. काही सेकंदांत प्रकाश मंद होतो, किंचित तांबूस होतो आणि विझतो. ढग आला असं समजून नवखे तिथेच थांबतात. तक्त्यात सावलीत शिरण्याची वेळ दिलेली असते, तिच्याशी ताडून बघा.

स्टेलेरियममध्ये आधी पाहून ठेवा की मार्ग कुठल्या ठळक ताऱ्याजवळून जातो. उपग्रह त्या ताऱ्याशेजारून गेला तो सेकंद नोंदवा. अंदाजापेक्षा एक-दोन सेकंदांचा फरक आला तर तुमची व्यवस्था उत्तम आहे. अर्ध्या मिनिटाचा आला तर टीएलई शिळी किंवा घड्याळ चुकलेलं. तारा वेगळाच निघाला तर जागा चुकीची भरली आहे.

७. रेडिओ: डॉपलरची वक्ररेषा ओळखा

स्थानकाचे दोन सिग्नल सुरुवातीला सोपे. १४५.८२५ मेगाहर्ट्झवर डिजिटल पॅकेट येतात, आणि १४५.८०० वर अधूनमधून चित्रं पाठवली जातात. चित्रांचे दिवस आधी जाहीर होतात. पीडी१२० पद्धतीत एका चित्राला साधारण दोन मिनिटं लागतात, म्हणजे एका पासमध्ये दोन-तीनच चित्रं.

उपग्रह तुमच्याकडे येताना वारंवारिता वाढलेली आणि दूर जाताना घटलेली मिळते, यालाच डॉपलर परिणाम म्हणतात. १४५.८ वर हा फरक दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त साडेतीन किलोहर्ट्झ असतो. ४३७.८ वर, जिथे स्थानकाचा एफएम रिपीटर (आलेला आवाज पुन्हा प्रक्षेपित करणारं यंत्र) ऐकू येतो, तो दहा किलोहर्ट्झच्या पुढे जातो. वॉटरफॉलवर, म्हणजे रिसीव्हरच्या सॉफ्टवेअरमधल्या वेळ आणि वारंवारितेच्या सरकत्या चित्रावर, पाहिलं तर रेषा आधी उजवीकडे जवळपास स्थिर उभी असते. उपग्रह वर चढू लागला की ती डावीकडे कलू लागते, सर्वोच्च बिंदूपाशी सर्वांत वेगाने घसरते आणि मावळतीला पुन्हा स्थिरावते. माथ्यावरच्या पासमध्ये ४३७ मेगाहर्ट्झवर ही घसरण सेकंदाला सुमारे २०० हर्ट्झ असते. रेषा सरळ खाली उतरत राहिली तर तो उपग्रह नव्हे, तुमच्या आसपासच्याच एखाद्या उपकरणाचा गोंगाट.

या रेषेत केवढी माहिती असते, हे ऑक्टोबर १९५७ मध्ये दिसलं. स्पुटनिक-१ चा २० मेगाहर्ट्झवरचा सिग्नल ऐकताना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम ग्वायर आणि जॉर्ज वायफेनबाख यांनी केवळ डॉपलरच्या नोंदींवरून त्याची कक्षा काढली. मग प्रश्न उलटा विचारला गेला: कक्षा माहीत असेल तर ऐकणाऱ्याची जागा काढता येईल का? त्यातून ट्रान्झिट ही उपग्रहांवर चालणारी दिशादर्शन यंत्रणा उभी राहिली. तुमच्या टेबलावरचा रिसीव्हर तेच मोजमाप करू शकतो, म्हणून पास नुसता ऐकू नका, रेकॉर्ड करा.

इथला मोठा सापळा रिसीव्हरच्या स्फटिकाचा. स्वस्त डाँगलची (यूएसबी रिसीव्हरची) वारंवारिता दशलक्षात तीस भागांनी चुकलेली असू शकते. ४३७ मेगाहर्ट्झवर ही चूक तेरा किलोहर्ट्झ होते, म्हणजे डॉपलरपेक्षाही मोठी. तापमान-नियंत्रित स्फटिक असलेला डाँगल घ्या, किंवा वारंवारिता पक्की माहीत असलेल्या स्टेशनवर दुरुस्ती करून ठेवा. पासआधी वीस मिनिटं तो चालू ठेवून तापू द्या.

८. अँटेना

आता अँटेना. १३७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ५३ सेंमीच्या दोन भुजा, त्यांच्यात १२० अंशांचा कोन, आणि अँटेना जमिनीला समांतर. एवढ्यावर हवामान उपग्रहाचं चित्र येतं. १४५.८ साठी भुजा ५० सेंमी करा. हातात धरायची तीन घटकांची यागी (एका दिशेला रोखायचा अँटेना) असेल तर नेम अचूक नसला तरी चालतो, पण सिग्नल खाली गेला की मनगट फिरवून ध्रुवण (लहरींच्या कंपनाची दिशा) बदलून पाहा. बऱ्याच वेळा तेवढ्याने आवाज परत येतो.

जुन्या लेखांत नोआ-१५, १८ आणि १९ या अमेरिकी हवामान उपग्रहांपासून सुरुवात करायला सांगितलेलं असतं. हे तिन्ही उपग्रह २०२५ मध्ये सेवेतून काढले, तिथे वेळ घालवू नका. आता रशियाचे मेटिऑर-एम मालिकेतले एन२-३ आणि एन२-४ आहेत. त्यांचा डिजिटल सिग्नल १३७.९ किंवा १३७.१ मेगाहर्ट्झवर येतो आणि सॅटडंप हे सॉफ्टवेअर त्याचं चित्र करून देतं. दोन्हींपैकी कुठली वारंवारिता चालू आहे ते वॉटरफॉलवर पाहून ठरवा.

मोटरवर फिरणारा अँटेना मी पहिल्या वर्षी तरी सुचवणार नाही. उत्तर दिशा ओलांडणाऱ्या पासमध्ये ३६० वरून ० वर येताना मोटर पूर्ण उलटी फिरते आणि पास तेवढ्यात संपतो. माथ्यावरच्या पासमध्ये दिगंश इतक्या झपाट्याने बदलतो की साधी मोटर मागे पडते.

९. नव्याने सोडलेला उपग्रह ओळखणं

एकाच प्रक्षेपणातून डझनावारी लहान उपग्रह सुटतात तेव्हा सुरुवातीला यादीत नुसते क्रमांक असतात. कुठला क्रमांक कुणाचा, हे ठरायला दिवस, कधी आठवडे लागतात. इथे तुमची रेकॉर्डिंग खरोखर कामाला येते. ज्या उपग्रहाचा सिग्नल ऐकलात, त्याच्या डॉपलर रेषेत घसरण सर्वांत तीव्र कधी होती तो क्षण सेकंदापर्यंत काढा. मग यादीतल्या प्रत्येक क्रमांकाच्या टीएलईने तुमच्या जागेवरून सर्वोच्च बिंदूची वेळ काढा आणि ताडून पाहा. सुटल्यावर पहिल्या दिवशी सगळे एकमेकांना खेटून असतात, तेव्हा काही सेकंदांच्या फरकावर निकाल देऊ नका. दोन-चार दिवसांनी ते पांगले की एकच क्रमांक जुळत राहतो.

लिब्रे स्पेस फाउंडेशनचं सॅटनॉग्ज हे जगभरच्या सिग्नल ग्रहण करणाऱ्या केंद्रांचं जाळं असल्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवतं, आणि तुमचं केंद्रही त्यात जोडता येतं. नोंद पाठवताना यूटीसी वेळ, जागा, मोजलेली वारंवारिता, रिसीव्हरच्या वारंवारितेची दुरुस्ती आणि वापरलेल्या टीएलईचा क्षण, ही पाचही माहिती द्या. यातलं एक जरी गाळलं तरी दुसऱ्या कुणाला तुमची रेषा पुन्हा पडताळता येत नाही.